पाचवा उद्गार

सांगली, २ एप्रिल २०२५

ती. मनुआक्कास आमोसचा सप्रेम सलाम वि. वि.

माझ्यावर अन्याय झाला आहे. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून देतात. सलग सहाव्या वर्षी माझ्या पदरात पाचवाच पडला, 'मला तहान लागली आहे.' चौथ्यात आवाज चढवता येतो, म्हणून तो आमच्या मंडळीच्या कारभारी नानासोंनी स्वतःकडे ठेवला. यादी तेच करतात. पाचव्याची पाळी येते ऐन उन्हात, दुपारी दोनला. गेल्या वर्षी मी तहान हा शब्द उच्चारला आणि निम्मी मंडळी उठून व्हरांड्यातल्या माठाकडे गेली. उरलेली पेला रिकामा होण्याची वाट पाहत बसली.

तरी यंदा पाच पानी भाषण लिहितो आहे, विषय दुःखाचा अर्थ. दाजींच्या आजारपणाचा तुला सव्वा वर्षाचा अनुभव, तेव्हा दोनचार मुद्दे पाठव. फोनवरचं दाजींना उमगत नाही, पत्र वाचलेलं आवडतं, म्हणून ही शाई खर्ची घातली.

लोभ आहेच, मुद्देही असू द्यावेत.

आमोस

सातारा, ७ एप्रिल

चि. आमोस यास मनुआक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. माठापाशी हसले. अंगावरनं वारं गेल्यापासून डावा ओठ हलत नाही, पण उजव्यानं पुरेसं हसतात. तुझ्यावर अन्याय झाला का विचारलं, तर 'व्हय' म्हणाले. ते सगळ्यालाच व्हय म्हणतात, दुसरा शब्दच राहिला नाही.

मुद्दे कुठले देऊ? माझ्याकडं चमचा आहे. नुसत्या पाण्यानं ह्यांना ठसका लागतो. म्हणून दाट करणारी पूड घालायची, हनुवटी खाली, अर्धा चमचा, कंठमणी हलला की मगच दुसरा. एका पेल्याला पाऊण तास. अर्थ शोधायला हात मोकळा होत नाही.

भेटायला येणारे सांगतात, हा तुझा वधस्तंभ, मनुबाई, मुकाट उचल. परवा पाळकसाहेबही तेच बोलले. मी म्हटलं, "आवं, हे माझे नवरे हायत, वधस्तंभ न्हवं." चहा न घेता गेले.

खरं सांगू? तुमचा तो चौथा उद्गार मला तोंडपाठ आहे. मला का सोडलंस, हे देवाला रोज भांडी घासताना विचारते. पण एकदा देवळात, चार माणसांत बसून विचारावं वाटतं. सव्वा वर्षात पायरी चढले नाही. ह्यांना दवाखान्यातनं आणलं तेव्हा तू म्हणाला होतास, आक्का, एक रविवार मी बसतो, तू जा. कुठला रविवार ते विचारायचं राहिलं, चूक माझीच.

भाषण लय लांबवू नको. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवून ठेवायला घरात जागा नाही.

मनुआक्का

सांगली, ११ एप्रिल

ती. आक्का, मान खाली घालून सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि दुःखाचा अर्थ दुसऱ्या पानावर अडला. कसाबसा पाच पानांपर्यंत ढकलला. मग शुभवर्तमान पुन्हा काढलं. तहान लागली म्हटल्यावर कुणीतरी आंबट द्राक्षारसात बुडवलेला स्पंज तोंडाशी धरला. कुणी, ते लिहिलेलं नाही. यादी नानासोंनी केली असती तर नाव नक्की आलं असतं, त्यांचंच.

पाचवा उद्गार शब्बाथशाळेच्या अंकिताबाईंना देऊन टाकला. परंपरा मोडली म्हणून नानासो रुसले आहेत. शुक्रवारी पहिल्या गाडीनं येतो. घरी हिच्यावर अर्ध्या चमच्याचा सराव चालू आहे. ही म्हणते, बावीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मला पाणी दिलंत.

रागाला ओसरू द्यावं.

आमोस

सातारा, उत्तम शुक्रवार, दुपारी सव्वादोन

आक्का,

तू देवळातून आलीस की दिसावं म्हणून हे चहाच्या डब्याखाली ठेवतो. आत्ता तिकडं पाचवा उद्गार चालला असेल.

दाजींना भाषण वाचून दाखवत होतो. दुसऱ्या पानावर त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, गहिवरले. त्यांना पाणी हवं होतं. तेव्हापासून पानं बाजूला आहेत. अकरा अर्धे चमचे झाले. ठसका एकदाच, तो माझ्या घाईनं. मग विचारलं, दाजी, भाषण बरं होतं का? चांगले स्पष्ट म्हणाले, "न्हाई." सव्वा वर्षानं दुसरा शब्द सापडला, आणि तो माझ्यावर खर्च केला.

कबूल केलेला रविवार शुक्रवारी पोचता करतो आहे, गोड मानून घे. परवा पुनरुत्थानाच्या उपासनेलाही तूच जा, मी सोमवारच्या गाडीनं निघेन.

जास्त लिहीत नाही. कंठमणी हलला, पुढचा चमचा भरायचा आहे.

आमोस