दिवाळीच्या सुट्टीतलं फूल

कोल्हापूर,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनी हिला पप्पांचे अनेक आशीर्वाद.

तू आणि अमरसिंह बरे असाल. मी बरा आहे. गोळ्या वेळेवर घेतो. जेवणाचा डबा शालूबाई आणून देतात. परवा म्हणाल्या, "साहेब, कालच्या भाजीत मीठ टाकायचं राहिलंतं. सांगायचं न्हाय व्हय?" माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घड्याळं दुरुस्त करणं चालू आहे. शिवाजी पेठेतून आलेलं लंबकाचं घड्याळ सुरू झालं. ठोके मात्र बंद ठेवलेत.

हे पत्र फलकाबद्दल लिहितोय. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस आणि मी विषय सोडून देतो. सोळा तारखेला, आईच्या वर्षश्राद्धाला, तुझ्या शाळेच्या बागेत जो फलक लावणार आहेस, त्यावर 'आईच्या नावाचं कंदीलपुष्प' असं लिहू नकोस. आईचं नुसतं नाव, संयोगिता, एवढंच लिही.

माझा विद्यार्थी राजवीर तुला माहीत आहे. तो सप्टेंबरात पन्हाळ्यामागच्या पठारावर गेला होता. तिथं त्याला आपलं कंदीलपुष्प नुकतं उमललेलं मिळालं. पाकळ्यांच्या कडेला बारीक लव होती. शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या एका जातीला अशीच लव असते. आपल्या फुलाला ती दिसली नव्हती, म्हणूनच मी त्याला नवी जात ठरवून तुझ्या आईचं नाव दिलं होतं. पण ती लव चार-पाच दिवसांत झडून जाते. म्हणजे दोन्ही एकच. आमच्या वनस्पतिशास्त्रात आधी छापलेलं नाव राहतं, नंतरचं जातं.

मला ते का दिसलं नाही? तू सहावीत होतीस. बाकीचे लोक पावसात आठ-आठ दिवस रानात राहायचे. तुम्हा दोघींना सोडून जाणं मला आवडायचं नाही. तुला सुट्टी लागली की आपण तिघं जायचो. तीन वर्षं लागोपाठ दिवाळीतच गेलो. झाडं दाबून वाळवायचे रद्दी पेपर तुझ्याकडे, दशम्या आईकडे. तोवर फुलं जुनी झालेली असायची.

इथपर्यंत नजरचूक आहे. पुढचं नजरचूक नाही.

मी निवृत्त झालो त्या वर्षी, सप्टेंबरात, तुझी आई आणि मी पठारावर गेलो. तिला चित्र काढायचं होतं. भिंग डोळ्याला लावून ती म्हणाली, "अहो, ह्याला लव हाय की."

"धूळ असेल."

"धूळ व्हय? एवढी वर्षं तुमची चित्रं कुणी काढली?" तिनं भिंग माझ्या हातात दिलं. मी बघितलं. ती हसत होती. "आता काढा माझं नाव त्या फुलावरनं. मेल्यावर काढण्यापरीस आत्ताच काढा की."

"पुढच्या वर्षी परत बघून कळवू," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी गेलो नाही. त्यानंतरही नाही. मग तिचं दुखणं निघालं. दवाखान्यात एकदा तिनं विचारलं, "कळवलं का हो त्या फुलाचं?"

मी हो म्हणालो.

"बरं केलं," म्हणाली आणि कुशीवर वळली.

म्हणजे तिच्या लेखी ते नाव तेव्हाच गेलं होतं. मी ते तिच्यासाठी ठेवलं असं वर्षभर स्वतःला सांगतोय, पण ते खरं नाही. तुला हे सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. चहा करून प्यायलो आणि पुढं लिहायला बसलो.

राजवीरनं लेख छापायला देण्याआधी माझ्याकडे पाठवला. सोबत लिहिलं, "सर, तुम्ही नको म्हणालात तर थांबतो." शनिवारी मी त्याला कळवलं की तुझं बरोबर आहे, दे छापायला. आणि निवृत्तीच्या वर्षीच मला ती लव दिसली होती तेही कळवलं.

आधी तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी तुझं ऐकलं असतं.

तुझा,
पप्पा