तासाभराच्या अंतरावरची आई

३ जानेवारी
ताईचा फोन. आई माणसं विसरायला लागली म्हणे. आधी शेजारीण विसरली, मग जावई. (जावई आहेच तसा.) तुझी मात्र रोज चौकशी करते, लगेच निघ, म्हणाली. तिला शांतपणे समजावलं. ट्रकचे मार्ग आखण्यात माझी उभी हयात गेली, अंतराचं मला कोणी शिकवू नये. रस्त्याने सहाशे किलोमीटर, बसने बारा तास. विमानाने एक. थोडक्यात, आई पलीकडच्या गल्लीत राहते. पलीकडच्या गल्लीत जायला कोणी धावत सुटतं का? शनिवारी जाईन.

७ जानेवारी
शनिवार ऑफिसने खाल्ला. बायको म्हणाली, आज संध्याकाळच्या बसने निघा, सकाळी पोचाल. हिला हिशोबच कळत नाही. बसने जाणं म्हणजे अकरा तास पाण्यात.
आईशी फोनवर बोललो. विमानाने येतोय, तासाभरात पोचतो, असं सांगितलं. फार खूश झाली. येण्याचं अर्धं काम इथेच झालं.

१२ जानेवारी, सकाळ
दाढी करताना आरशात मागे आई दिसली. चष्मा सापडत नसला की उभी राहते तशी, दोन्ही हात पुढे करून. वळलो तर कोणी नाही. पित्त असणार. उद्यापासून रात्रीचं जेवण हलकं.

१५ जानेवारी
जेवण हलकं करूनही तेच. ऑफिसात नकाशावर पट्टी ठेवली आणि कानाशी आवाज आला, किती राहिलं रे? आईचाच. शिपायाला विचारलं, तर तो माझ्याकडेच बघत राहिला. बायको म्हणते, तुमचं मन तुम्हाला खातंय. मी म्हटलं, पित्तच. डॉक्टरकडे जायला हवं. डॉक्टर चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे घाई नाही.

१९ जानेवारी
ताई फोनवर रडली. आई आज नातीला विसरली. आता फक्त तू उरलास, म्हणाली. घाबरलो. खरंच घाबरलो. उद्या सकाळचं विमान बुक केलं. नऊ वाजता आईसमोर हजर. बायको पुन्हा बसचं म्हणाली. दुर्लक्ष केलं.

२० जानेवारी, दुपार, विमानतळ
धुकं. विमान लेट. हा वेळ प्रवासात धरायचा नसतो. बायकोचा मेसेज आला, कालची बस सकाळीच पोचली.
समोरच्या खुर्चीत आई बसली आहे. माझ्याकडे बघत नाही, बोर्डाकडे बघते आहे. सकाळपासून पोटात काही नाही, त्यामुळे पित्तही म्हणता येत नाही. उठून जवळ जायचं धाडस होत नाही.

२० जानेवारी, संध्याकाळ
हवेत पन्नासच मिनिटं. माझा हिशोब चोख निघाला. पुढे विमानतळ ते घर एवढं अंतर, की टॅक्सीवाल्याने वाटेत जेवून घेतलं.
दार आईनेच उघडलं. आपण कोण, म्हणून अदबीने विचारलं. मी नाव सांगितलं. नाव ऐकून तिचा चेहरा असा फुलला, की मला रडूच आलं. म्हणाली, अहो, त्याचे मित्र का तुम्ही? या ना, बसा. तो विमानाने येतोय, तासाभरात पोचेल.
मी बसलो. तिने पाणी दिलं. ताई आतल्या खोलीत गेली, ती बाहेर आलीच नाही. आम्ही दोघं दाराकडे तोंड करून बसलो आहोत.
तास उलटून गेला. अजून आला नाही.