पल्सरचा तिसरा सोबती

३ फेब्रुवारी
आजपासून नियमित लिहायचं. मोठ्या शोधांमागे काटेकोर नोंदी असतात. माझ्या आजवर डोक्यात होत्या, आणि डोकं हल्ली दुपारीच दमतं.
संकल्प : पल्सर ताऱ्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं वजन काढून मेपर्यंत पेपर पाठवायचा. चहा कमी. शंकासुराशी वाद नाही. (शंकासुर म्हणजे ऑफिसात समोरच्या टेबलावर बसतो तो. त्याला नाव आहे, पण कधी गरज पडत नाही.)

४ फेब्रुवारी
चहा कमी झाला नाही. उद्यापासून.

६ फेब्रुवारी
बायकोची बढतीवर बदली. दुसरं शहर, जूनपासून. तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला माणूस हवाय. तिने परस्पर चौकशीही केली. प्राचार्य मला घ्यायला तयार आहेत, मार्चअखेर उत्तर हवं. म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, मागच्या दोन्ही वेळी तू विचारच करत होतास आणि मी बढती सोडली. या वेळी मी जाणार, लेकीला घेऊन.
सोडली हे खरं आहे. पण तेव्हा काम अगदी ऐन रंगात आलं होतं.

१० फेब्रुवारी
लेकीला वर्गात ‘माझे बाबा काय करतात’ यावर बोलायचंय. सोपं करून सांगितलं. एक मेलेला तारा गरगर फिरतो आणि घड्याळासारखी टिकटिक पाठवतो. त्याला एक जोडीदार आहे. दोघं एकमेकांभोवती फिरतात, म्हणून टिकटिक कधी लवकर पोचते, कधी उशिरा. त्यावरून दोघांची वजनं काढायची.
तिने विचारलं, मग काढली का? म्हटलं, नऊ वर्षं टिकटिक गोळा केलीय, आता काढतोच.
ती स्वतः आठ वर्षांची आहे.

१७ फेब्रुवारी
वजनं काढायच्या प्रोग्रामचे फार नखरे. ताऱ्याची आकाशातली नेमकी जागाही त्यालाच ठरवायची असते, आणि मग उत्तरच देत नाही. शेवटी मी ती सोय बंद केली आणि जागा एका जुन्या पेपरातून टाकली. झेरॉक्सवर शेवटचे आकडे पुसट होते, ते अंदाजाने भरले. तारा इतका लांब. केसभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतंय?

२८ फेब्रुवारी, दुपार
जोडीदारामुळे होणारं लवकर-उशिरा वजा केलं की आलेखावर उरलेली रेघ सपाट यायला हवी. आली नाही! हळूच चढते, हळूच उतरते, पुन्हा चढते. नऊही वर्षं. म्हणजे तिथे तिसरं कुणीतरी आहे. ग्रह! मी ग्रह शोधला!
एक फेरी बरोब्बर एका वर्षाची. निसर्गाचा नीटनेटकेपणा पाहून भरून आलं.

३ मार्च
शंकासुराने रेघ पाहिली. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, वर्षाची फेरी? आधी जागा तपास.
पोटदुखी, दुसरं काय. संकल्प आठवून गप्प बसलो.

११ मार्च
आमच्या विभागाच्या प्रमुखबाईंना भेटलो. माझी नेमणूक मेअखेर संपते. मुदतवाढ द्यायची का, ते एप्रिलमधल्या सेमिनारनंतर ठरेल. बाईंनी विचारलं, वजनं निघाली का? म्हटलं, वजनं किरकोळ हो, माझ्याकडे त्याहून मोठं काही आहे. त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळलं. कामाचा ताण असावा.

२० मार्च
घरात खोकी आलीत. बायकोला ग्रहाबद्दल पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. ती भांडली असती तर मलाही दोन मुद्दे मांडता आले असते. ती कपाट आवरत राहिली. मीच दमलो.

३१ मार्च
प्राचार्यांना फोन करून नकार कळवला. नम्रपणे. ग्रह जाहीर झाला की भाषणाला तेच बोलावतील.
बायकोला सांगितलं. म्हणाली, बरं. मग विचारलं, तुझ्या पुस्तकांसाठी खोकं ठेवू की नको? म्हटलं, नको.
पुन्हा म्हणाली, बरं.
झोप नीट लागली नाही. उशी बदलायला हवी.

८ एप्रिल
सेमिनार. सुरुवात उत्तम झाली. तिसऱ्या स्लाइडला प्रमुखबाईंनी थांबवलं. फेरी किती दिवसांची म्हणालात? मी म्हटलं, तीनशे पासष्ट. नीट सांगायचं तर वर पाव.
शंकासुर हसला असता तरी चाललं असतं. त्याने मान खाली घातली.
बाई हळू आवाजात म्हणाल्या, ताऱ्याची जागा चुकलीय. आपणच सूर्याभोवती फिरतो, म्हणून टिकटिक आपल्यापर्यंत वर्षभर मागेपुढे पोचते. ते वजा करायला जागा बिनचूक लागते. तुम्हाला दिसतेय ती पृथ्वी.
उरलेल्या स्लाइड दाखवल्या नाहीत. चहा भरपूर प्यालो.

९ एप्रिल
जागा सुधारली. रेघ सपाट. दोघांची वजनं जेवणाच्या सुट्टीआधी निघाली. शंकासुर म्हणाला, झकास आलीत, पेपर होईल. त्याने डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

२२ एप्रिल
मुदतवाढ नाही. पेपर घरून पूर्ण करा, प्रमुखबाई म्हणाल्या.
प्राचार्यांना फोन केला. जागा भरली. माणूस चांगला मिळालाय, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं.
बायकोला अजून बोललो नाही. योग्य वेळ पाहून.

१७ मे, संध्याकाळ
योग्य वेळ आली नाही. लेकच आली. वर्गात तिने कधीच सांगून टाकलं होतं, की बाबांनी ग्रह शोधला. मैत्रिणी नाव विचारून विचारून पिच्छा पुरवताहेत. कुठला ग्रह, बाबा?
म्हटलं, पृथ्वी.
तिने जरा विचार केला. म्हणाली, ती तर होतीच की.
बायको दारात उभी होती. खूप दिवसांनी हसली. हसता हसता खुर्चीवर बसली आणि पदराने डोळे पुसले. मग मी सगळं सांगितलं. मुदतवाढ, प्राचार्य, सगळं. विचारलं, मी येऊ का तिकडे? नोकरीबिकरी काही नाही. नुसताच.
ती उठून आत जाऊन पाहून आली. मग म्हणाली, खोकी संपलीत, पुस्तकं पिशव्यांत भर.
म्हटलं, उद्यापासून भरतो.
तिने नुसतं पाहिलं.
आत्ताच भरतोय. हे एवढं लिहून झालं की.