गवारीची परात

जुने शहर, अकोला
४ ऑगस्ट २०२५

चि. गीतांजलीस, शकुनकाकूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू मोबाइलवर दोन ओळींत कळवलंस, काकू, फोन करू नको, पत्र लिही, आणि फोन बंद करून टाकलास. आधी मला राग आला. अमरावती काही परदेशात नाही, एसटीनं दोन तास लागतात, आणि पोरगी म्हणते पत्र लिही. मग म्हटलं, लिहू. माझं अक्षर बघून तू हसशील तरी.

इकडे ठीक आहे. पावसानं मेथी सडून राहिली, गवार मात्र चांगली येते. वाचनालयातल्या साधनाताई आता मला एका वेळी तीन पुस्तकं देतात. त्या म्हणाल्या, काकू, तुम्ही शेवटचं पान आधी का वाचता? मी सांगितलं, बाई, माझं वाचन रद्दीवर झालं. तुझे काका दुकानात भाजी बांधायला रद्दी आणायचे ती मी आधी वाचायची. अर्धी गोष्ट व्हायची आणि पुढचं पान वांग्यांसोबत कोणाच्या तरी घरी गेलेलं असायचं. तीस वर्षं असं काढल्यावर माणूस शेवट आधीच बघून घेतं.

तुझ्या खोलीतल्या पायलचा फोन आला होता. तिला रागावू नको, काळजीनं केला बिचारीनं. म्हणाली, ताई जेवत नाही, आणि कोणाचाही फोन वाजला की दचकते. कोरोनात नवरे गेले त्या बायांवर तू अभ्यास करतेस, एवढं मला माहीत आहे. त्यात तुझं जेवण कुठे गेलं, ते लिही.

लोभ आहेच, तो तुझ्याकडून कमी होऊ देऊ नको.
तुझी शकुनकाकू


अमरावती
११ ऑगस्ट २०२५

ती. काकूस, गीताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं अक्षर बघून हसले. पुष्कळ दिवसांनी.

फोन कानाला लावता येत नाही, काकू. दुसरं काही नाही. काम काय आहे ते सांगते, म्हणजे तुला कळेल. एकेचाळीस बायकांच्या घरी मी गेले. प्रत्येकीला तेच बारा प्रश्न विचारायचे, त्या बोलतील ते रेकॉर्ड करायचं. मग खोलीवर येऊन, कानाला हेडफोन लावून, शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. नुसते शब्द नाही. बाई रडली तर कंसात रडल्या असं लिहायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबली तर किती सेकंद, तेही लिहायचं. तासाभराचं बोलणं उतरवायला एक दिवस जातो. ती बाई एकदा सांगते. मी ते सहा वेळा ऐकते.

वरूडच्या माणिकबाई संत्र्यांच्या पेट्या भरायला जातात. नवरा दवाखान्यात असताना त्या रोज फाटकावर डबा द्यायच्या. तो गेल्याचं त्यांना दोन दिवस कोणी सांगितलंच नाही. ते दोन दिवसही डबा आत गेला आणि रिकामा परत आला. मला त्या म्हणाल्या, ज्यानं कोणी खाल्ला त्याचं पोट तर भरलं ना पोरी, त्यानं बिचाऱ्यानं आशीर्वादच दिला असंल. मग त्यांनी मला जेवायला बसवलं. डबा तोच होता, चार पुडाचा. तेव्हापासून घास तोंडात घेतला की मला फाटक दिसतं.

आता मला सवयच लागली आहे. दुकानदार सुटे पैसे शोधायला थांबला तरी मी मनात सेकंद मोजते. सातवा प्रश्न आला की मी हेडफोन काढून ठेवते. तुमचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं कधी आणि काय झालं, असा तो प्रश्न आहे. मीच तयार केलेला.

आमच्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम वाईट नाहीत. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, आठ दिवस सुट्टी घे, अंतर ठेवायला शीक. मग त्याच म्हणाल्या की वीस वर्षांपूर्वी त्यांनी जळालेल्या बायकांवर काम केलं, तर आजही घरात रॉकेलचा वास सहन होत नाही. बायकांना आम्ही एक कागद देतो. त्रास वाटला तर केव्हाही थांबा, या नंबरवर बोला, असं त्यावर छापलेलं असतं. तो कागद मी एकेचाळीस वेळा मोठ्यानं वाचला. मला कोणी वाचून दाखवला नाही.

डिसेंबरात प्रबंध द्यायचा आहे. देईन की नाही, माहीत नाही.

माया अशीच असू दे.
तुझी गीता


जुने शहर, अकोला
१८ ऑगस्ट २०२५

चि. गीतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावर तू सौ. शकुन रामराव असं लिहिलंस. पोस्टमननं माझ्याकडे बघितलं, पाकीट उंबरठ्यावर ठेवून गेला. तू वाईट वाटून घेऊ नको. हात जुन्या सवयीनं चालतो. ते पाकीट मी देवाजवळ ठेवलं आहे. चार वर्षांत तेवढ्यापुरतं कोणी मला सौ. म्हटलं.

आता रागवते. आपल्याकडे कोणाच्या दुखवट्याला जाऊन आलं की माणूस सरळ घरात शिरतो का? बाहेर पाय धुतो, कडुनिंबाचं पान दातांखाली धरतो, मग उंबरा ओलांडतो. मी अंधश्रद्धाळू नाही, पुस्तकं वाचते. पण हे ज्यानं सुरू केलं त्याला काहीतरी कळत होतं. दुसऱ्याचं मरण अंगावर येतं, ते दाराशीच उतरवावं लागतं. तू एकेचाळीस घरांच्या दुखवट्याला गेलीस आणि पाय न धुता थेट अंथरुणावर आलीस, कानात त्यांना घेऊन. तुमच्या विद्यापीठात एवढं शिकवणारं कोणी नाही काय?

आणि एक विचारायचं आहे. एकेचाळीस बाया तुला वरूडपासून सापडल्या. घरातली बेचाळिसावी दिसली नाही? तू विचारशील म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली. तुझ्या काकांच्या वेळी तू इथेच होतीस, माझ्यापाशी, म्हणून विचारत नसशील असं समजून गप्प राहिले. आता न विचारता सांगते. तुझ्या सातव्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की शेवटचं बोलणं झालं नाही. भांडण झालं. त्यांना दवाखान्यात जायचं नव्हतं. म्हणत होते, जो आत जाऊन राहिला तो बाहेर येऊन नाही राहिला, मले घरीच मरू दे. मी त्यांना हाताला धरून ऑटोत बसवलं. ओढलंच म्हण. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घाईत त्यांचा मोबाइलही घरीच राहिला. सहा दिवस आत होते. दुसऱ्यांच्या नवऱ्यांनी कोणाचा तरी फोन मागून घरी बोलणं केलं. माझ्या माणसानं सहा दिवसांत कोणापाशी माझी चौकशी केली नाही. रागात गेले. ते ओझं माझं आहे, तू ते कागदावर घेऊ नको. फक्त सांगितलं.

सोबत कडुनिंबाची पानं पाठवते, पाकिटात सुकतील. तिकडे झाड असेलच, ताजी घे.

आशीर्वाद आहेत, जेवत जा.
शकुनकाकू


अमरावती
५ सप्टेंबर २०२५

ती. काकू, नमस्कार.

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

काका रागात गेले नाहीत. त्यांनी फोन केला होता. माझ्या फोनवर.

६ मे, सकाळी अकरा चाळीस. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा फोन मागून घेतला होता. त्यांना एकच नंबर पाठ होता, माझा, कारण दर महिन्याला रिचार्ज मारायला तेच जायचे. माझी ऑनलाइन परीक्षा चालू होती, वीस मिनिटं उरली होती. त्यांनी विचारलं, काकू कुठं आहे, तिले दे. तू खिडकीखाली अंगणात बसली होतीस. दहा पावलं. मी कॅमेऱ्यासमोरून उठून फोन दिला तर परीक्षेचं पान बंद होईल अशी भीती वाटली. मी म्हणाले, काकू झोपली आहे.

 ते म्हणाले, झोपू दे तिले, किती राती झाल्या तिले झोप नाही. संध्याकाळी बोलीन. मी बरा आहे म्हणावं. फोन ठेवला. तू अंगणातून विचारलंस, कोणाचा होता? मी म्हणाले, मैत्रिणीचा. संध्याकाळी बोलतीलच, तेव्हा सांगू, असं वाटलं. चार वाजता दवाखान्यातून निरोप आला.

मग सांगता आलं नाही. एक दिवस, मग दहावा, मग तेरावा. तू मला सावरत होतीस, मी तुला काय सांगणार? त्या परीक्षेत मी पहिली आले, काकू. त्या गुणांवर मला इथे प्रवेश मिळाला. मग मी एकेचाळीस बायकांना जाऊन विचारलं, शेवटचं बोलणं काय झालं. तुला विचारायची हिंमत नव्हती म्हणून जगाला विचारत फिरले.

माझ्या त्या जुन्या फोनवर सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड व्हायची. तो फोन ट्रंकेत आहे, दर महिन्याला चार्ज करून ठेवते. एक मिनिट बावन्न सेकंद. काल पहिल्यांदा ऐकलं आणि मला येतं तसं उतरवलं. काकू झोपली आहे असं मी म्हटल्यानंतर काका अकरा सेकंद थांबलेत. त्या अकरा सेकंदांत त्यांचा श्वास आहे, जड. आणि इकडून, खिडकीतून, तुझा आवाज आहे. बोलण्याचा नाही. तू गवार मोडत होतीस. शेंग मोडल्याचा आणि परातीत पडल्याचा आवाज, एकामागून एक. बाकी काही नाही.

क्षमा मागत नाही. तो शब्द लिहायचा मला हक्क नाही. तू म्हणशील तर फोन टपालानं पाठवते. तू म्हणशील तर पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही.

गीतांजली


जुने शहर, अकोला
१७ सप्टेंबर २०२५

चि. गीतास आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवसापासून आठ दिवस दुकान उघडलं नाही. खोटं लिहीत नाही, तुझा राग आला. फार आला. तुझा फोटो उपडा ठेवला. भिंतीकडे बघून तुला बोलले, काहून केलंस असं, दहाच पावलं होती ना गं, दहाच. शेजारची बाई विचारायला आली की कोणाशी बोलून राहिल्या. मी म्हटलं, पोरीशी.

नवव्या दिवशी दुकान उघडलं. गवार आली होती. कोणी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून परात घेऊन मोडायला बसले. पहिली शेंग परातीत पडली आणि माझा हात थांबला.

गीता, त्या माणसानं तीस वर्षं भाजी विकली. तो बाहेर पाठमोरा बसलेला असायचा आणि मी आत काय निवडते ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. म्हणायचा, आज गवार जून आहे, मोडताना दोरा येऊन राहिला. माझ्या हाताचा आवाज त्याला कळणार नाही? तू झोपली म्हणालीस आणि त्यानं पलीकडून मला ऐकलं. जागी, अंगणात, शेंगा मोडताना. त्याला तुझं खोटं कळलं होतं. पोरगी अडचणीत आहे, हेही कळलं असेल. म्हणून तो अकरा सेकंद बोलला नाही. मला ऐकत बसला. आणि मग झोपू दे म्हणाला, तुला खोटं पडू दिलं नाही.

तू चोरून ठेवलंस ते माझं होतं. चार वर्षं मी समजत होते की मी त्याला ओढून नेलं आणि तो पाठ फिरवून गेला. ती चार वर्षं तू मला परत देऊ शकत नाहीस. मीही तुला ती माफ केली असं आज लिहू शकत नाही. पुढे लिहीन, कदाचित. पण उरलेलं पान तू आणून दिलंस, तेही खरं आहे. दोन्ही मी सोबतच ठेवते आहे.

फोन टपालानं पाठवू नको, टपालात वस्तू हरवतात. सर्वपित्रीला, रविवारी, सकाळच्या गाडीनं ये. काकांचं पान वाढायचं आहे, तू वाढ. दाराशी बादली आणि कडुनिंब ठेवलेला असेल. एकेचाळीस घरांचे पाय धू आणि मगच आत ये.

ते बोलणं मी एकटी ऐकीन. कसं लावायचं तेवढं दाखव आणि बाहेर जा. तू पुष्कळ ऐकलंस, हे तुझ्या कानांचं काम नाही. अंगणात खिडकीखाली परात ठेवते, दोन किलो गवार आणून ठेवते. तू बसून मोड. मी आत असेन तोवर हात थांबू देऊ नको.

तुझी काकू,
शकुन