तोंडाच्या म्हणून वाढवलेल्या पेशी

३ नोव्हें., जळगाव जामोद
सकाळी घरी पोचले. फेलोशिप महिनाअखेर संपते. पीएच.डी.नंतरचं हे तिसरं कंत्राट, चौथं कुणी देणार नाही. कायम शास्त्रज्ञपदाचा इंटरव्ह्यू १४ला, ऑनलाइन. वयात बसणारी बहुधा शेवटची जाहिरात. दाखवायला मोठा पेपर एकच, तोही अजून विचाराधीन. नियतकालिकाला त्यातल्या पेशी नक्की कुठल्या, याच्या तपासणीचा अहवाल हवाय. नमुना गेला आहे.
आई : "राह्यशीन न आता थोडे दिवस?"
हो म्हटलं.

४ नोव्हें.
दादा दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतो. रागावले. तर म्हणे, "तूच तं तोंडाच्या कॅन्सरचं औषध काढून राह्यली. मंग मले काय भेव?" वहिनी हसली, मीही.
औषध फार लांब. बशीत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर रसायन घालायचं, किती मेल्या पाहायचं. तीन वर्षं एवढंच. दादाला हे दर दिवाळीला सांगते.

७ नोव्हें.
अहवाल आला. पेशी तोंडाच्या नाहीतच. गर्भाशयमुखाच्या आहेत.
आमच्या लॅबप्रमुख सरांच्या जुन्या साठ्यातली कुपी. वर नाव लिहिलेलं, म्हणून सगळ्यांनी तेच धरलं. कधीतरी, कुणाच्या तरी हातून, दुसऱ्या पेशींचा एखादा थेंब त्यात गेला असणार. त्या भराभर वाढतात, मूळच्यांना मागे टाकून सगळी बशी व्यापतात. आणि आम्ही खूश, की आपल्या पेशी किती जोमदार!
आई : "काऊन जेवून नाही राह्यली?" डोकं दुखतंय म्हटलं.

८ नोव्हें.
सरांना फोन. आवाज नेहमीसारखा शांत. "शीर्षकातला 'तोंडाच्या' शब्द काढू. 'मानवी कर्करोगपेशी' लिहू. खोटं नाही ते."
अहवाल मागितलाय, त्याचं?
"वेळ लागतोय म्हणून कळवू. तुझा इंटरव्ह्यू होऊ दे गं आधी."
माझ्याच भल्याचं बोलत होते. तेच अवघड.

१० नोव्हें.
दादाला सांगितलं. शेतात कापसाची वेचणी चालू, तो गाठोडी बांधत होता.
"म्हंजे पाकिटावर एक वाण अन् उगवलं दुसरंच?"
हो.
"मंग बियाणंवाल्यावर केस कर."
बियाणं सरांचं आहे.
गाठोड्याला गाठ मारली. मग, "अन् माह्या तोंडाचं काय वं?" हसत म्हणाला. खर्र्याची पुडी खिशात गेली. संध्याकाळी परत बाहेर.
खामगावला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा आहे म्हणाला. घरून जाऊन-येऊन होईल. वाईट नाही. पण

१२ नोव्हें.
नियतकालिकाला मेल. अहवाल जोडला, पेपर मागे घ्यावा अशी विनंती. प्रत सरांना. निवड समितीलाही कळवलं. दुपारी सरांचा फोन. "तू ठरवलंच आहेस, तर तुझं तू बघ." शिफारसपत्र त्यांचंच आहे.
नंतर वहिनीबरोबर मेथी निवडली. हात कामात होते, बरं वाटलं.

१४ नोव्हें.
इंटरव्ह्यू झाला. दादाने शेजारची पिठाची चक्की तेवढ्यापुरती बंद ठेवायला लावली.
स्क्रीनवर पाच चेहरे. पहिलाच प्रश्न पेपरचा. सांगितलं. रसायन कुठल्या तरी कॅन्सरच्या पेशी मारतं, एवढं खरं आहे. तोंडाच्या मारतं का, ते पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागेल. कसं पाहणार, तेही सांगितलं. तोवर ठीक.
मग अध्यक्ष : "या पेशी तुमच्या लॅबमधून आणखी कुठे गेल्या?"
दोन ठिकाणी, म्हटलं. नावं विचारली. दुसरं नाव घेतलं तशी समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचीच लॅब.
अध्यक्ष म्हणाले, "कळवू."
बाहेर दादा. "झालं काय?"
झालं.
"लागली?"
माहीत नाही.
चक्की सुरू झाली. सरांना मेसेज केला : त्या दोन्ही लॅबना तुम्ही कळवता की मी? वाचलाय त्यांनी. मी दोन्ही लॅबचे पत्ते काढून ठेवले.