टोचत नाही

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही तसंच असावं. लहानपणी पत्र लिहायला बसवलं की आई एवढं एक वाक्य सांगायची आणि म्हणायची, पुढचं तुमचं तुम्ही. तर पुढचं माझं.

फोनवर का नाही सांगितलं, म्हणशील. फोन आईच्या उशाशी असतो आणि तुझा आवाज आला की ती तो माझ्या हातून काढून घेते. तुम्हा दोघींचं 'कशी आहेस, बरी आहे' होईपर्यंत माझ्या वाट्याला फक्त 'ठेवते' उरतं. म्हणून पत्र.

धागा झाला, ताई. निम्मी लोकर, बाकी सूत, आणि सुईवरून सरसर सुटावा म्हणून चिमूटभर रेशीम. ऐकायला सोपं आहे. नुसती लोकर ऊबदार पण बोचरी. नुसतं सूत मऊ, पण विणलं की ओझं होतं आणि धुतलं की लोंबतं. दोघांचं सूत काही जुळता जुळत नव्हतं. पीळ कमी दिला की धुतल्यावर गोळे धरायचे, जास्त दिला की दोरखंड. आमच्या गिरणीत मशीनवर जे काका आहेत, त्यांना सगळे पीळकाका म्हणतात, कामावरून आणि स्वभावावरूनही. मी नवा पीळ सांगायला गेले की ते आधी 'जमणार नाही' म्हणायचे, मग मशीन लावायचे, आणि चहा येईपर्यंत माझ्याशी बोलायचे नाहीत.

परीक्षक मात्र आई. उपचारात केस गेल्यापासून तिच्या डोक्याला नि मानेला उशीचा अभ्रासुद्धा सहन होत नाही, हे तुला माहीतच आहे. टोपीशिवाय थंडी निघायची नाही आणि बाजारातली एक टोपी चालेना. गेल्या हिवाळ्यात तिथूनच हे सगळं सुरू झालं. गिरणीत आम्हा सगळ्यांचे हात लोकरीत राबून निबर झालेले, आम्हाला काय कळणार? मालकीणबाई म्हणाल्या, "तुझ्या आईच्या मानेला चाललं म्हणजे जगाच्या मानेला चाललं." मग प्रत्येक नमुन्याचा वीतभर तुकडा मी विणायची आणि आईच्या कानामागे ठेवायची. ती डोळे मिटायची आणि सांगायची, "टोचतं." अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा हा एकच शब्द. एकदा वैतागून मी विचारलं, "पण कुठे टोचतं?" तर म्हणाली, "मला टोचतं, आणखी कुठे?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

आणि मागच्या आठवड्यात तिने डोळे मिटले, थोडा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "टोचत नाही." मी पुन्हा विचारलं. "नाही टोचत गं. झालं ना आता तुझं?" मी तिच्या पलंगाशी जमिनीवर बसून रडले. दुसऱ्या दिवशी पीळकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मी तर कधीचा म्हणत होतो." ते असलं काहीही कधी म्हणाले नव्हते.

नाव ठेवलंय 'मऊसूत'. लेबलावर नावाखाली बारीक अक्षरात 'टोचत नाही', आईचेच शब्द, मीच सुचवले. तिला दाखवलं तेव्हा तिने लेबल उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. येत्या शनिवारी विणकामाचं मोठं प्रदर्शन आहे, तिथून धागा विक्रीला काढायचा. तोवर रंग, लड्या, नमुन्याचे स्वेटर, श्वास घ्यायला फुरसत नाही. धागा झाला की रजा घेऊन जवळ बसेन, असं आईला उन्हाळ्यातच कबूल केलं होतं. आता प्रदर्शन झालं की नक्की.

तिची तब्येत आहे तशीच आहे. जेवण थोडं कमी. तुला सुट्टी मिळेल तेव्हा ये, घाई नाही, असं ती म्हणते.

तुझ्यासाठी निळी लडी बाजूला काढली आहे. लडी गुंडाळून गुंडी मात्र तुझी तू करायची. आठवतं, आई आपल्या मनगटांवर लडी अडकवायची आणि स्वतः आरामात गुंडाळत बसायची? "हात खाली नको." माझे खांदे अजून दुखतात.

भावोजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
धाकटी


१७ नोव्हेंबर

ताई,

तुझा अभिनंदनाचा निरोप पोचला, फुलांच्या चित्रासकट. उत्तर दिलं नाही, ते आता देते.

प्रदर्शनाला गर्दी चांगली होती. सकाळी लड्या हातोहात गेल्या, मालकीणबाई तर लिपस्टिक लावून आल्या होत्या. मग एक तरुण बाई आली, कडेवर बाळ. त्याला स्वेटर विणायचा होता. तिने लडी गालाला लावली, गळ्याला लावली, लेबल वाचलं आणि संकोचून म्हणाली, "सुंदर आहे हो, पण जरा टोचतं." मी हसून म्हटलं, "नवा आहे ना, एकदा धुतला की मऊ पडेल." इतक्या सफाईने खोटं बोलता येतं मला, हे मलाच माहीत नव्हतं. तिच्यामागून क्रोशाचे वर्ग घेणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी लडी मानेला लावून पाहिली. लडी जागेवर ठेवली आणि जाता जाता मान खाजवली.

मी स्वच्छतागृहात जाऊन कॉलरच्या आत धागा सरकवला आणि आरशासमोर उभी राहिले. टोचत होता. फार नाही, पण टोचत होता. खरं सांगू? आधीही मी लावून पाहिला होता आणि तेव्हाही टोचला होता. पण आई नाही म्हणाली होती, म्हणून मला वाटलं माझीच मान खोटं सांगते. सुतावरून स्वर्ग गाठला आम्ही सगळ्यांनी, आणि सूतही घरचंच.

पीळकाकांवर दुकान सोपवून मी भर दुपारी घरी निघाले. वाटेत एकच भीती, की तिच्या कातडीला आता काही कळेनासंच झालं असेल. तसं नव्हतं, ताई. तसं असतं तर बरं होतं की काय, असं आता मनात येतं.

मी इतक्या लवकर येईन हे तिला ठाऊक नव्हतं. मऊसूतची मी विणून दिलेली टोपी डोक्यावर नव्हती. बाबांचा तो धुऊन धुऊन विरलेला सदरा डोक्याला गुंडाळून पडली होती. मला पाहताच तिने उशीखालून टोपी काढली आणि घाईघाईने घालू लागली. एका हाताने सदरा सोडवत होती, दुसऱ्याने टोपी बसेना. कानामागे लाल चट्टे होते. ते मी आधीही पाहिले होते, औषधाचे असतील असं समजून मलमही लावलं होतं. आणि लावून झाल्यावर टोपी पुन्हा मीच नीट बसवली होती.

मी म्हटलं, "टोचते ना गं?"

"नाही."

"आई."

"थोडी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"किती सांगायचं? मी टोचतं म्हणायचे आणि तू तुकडा उचलून गिरणीत पळायचीस. धागा झाला की बसते म्हणाली होतीस. मग म्हटलं, होऊ दे एकदाचा."

मी टोपी तिच्या हातून काढून घेतली. तर तीच माझी समजूत काढायला लागली. "चांगला झालाय गं धागा. रंग तर किती छान." आणि मग हळूच, "मला वाटलं, तू त्याच दिवशी रजा टाकशील. तू तर लेबलं घेऊन आलीस."

हे वाक्य मी तुला लिहिणार नव्हते.

मालकीणबाईंना संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेबलं काढू. धागा पिशव्यांना नाहीतर गालिच्यांना चालेल." पीळकाका म्हणाले, "मी तर कधीचा म्हणत होतो," आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आईपाशी बस पोरी. धागा काय पळून जातोय?" मी रजेवर आहे. दिवसभर तिच्या पलंगाशी बसते. ती मला काम सांगत नाही, मी तिला काही विचारत नाही. बाबांचा सदरा उसवून तिला मी दोन टोप्या शिवल्या. तुझी धाकटी वर्षभर धागा शोधत होती आणि कापड कपाटात होतं.

काल ती म्हणाली, ती विणलेली टोपी उसवून टाक, चांगला धागा वाया कशाला? टाके तिनेच सोडवले, फार सावकाश, पण चेहरा खुलला होता. मग लडी करून मी तिच्या मनगटांवर अडकवली आणि गुंडी करायला बसले. दोन वेढेही झाले नसतील, तिचे हात खाली आले. तिने पुन्हा उचलले, पुन्हा आले. आपल्याला 'हात खाली नको' म्हणणारी आई, ताई. ती हसली आणि म्हणाली, "माझेच खाली." मी खालून तिचे हात धरले. हलके झालेत गं फार. पण मी हात धरल्यावर गुंडी कोण करणार? आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, लडी मध्ये.

तू फोनवर विचारतेस, "आई, दुखतं का काही?" आणि ती म्हणते, "नाही." मी शेजारीच उभी असते. तुझा सुटलेला निःश्वास मला ऐकू येतो. तिचं ते 'नाही' मी वर्षभर तिच्या तोंडून ऐकायला धडपडले. आता ते कानावर आलं की मला धडकी भरते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलंय ते मला लिहवत नाही. पण थंडी संपेपर्यंतची गोष्ट ते करत नव्हते.

लडी अजून खुर्चीच्या पाठीवर तशीच आहे. तिला तिसरं माणूस लागतं.

मी पत्र लिहिते आहे हे आईने ओळखलं. माझंही एक वाक्य घाल म्हणाली. सांगितलं तसं घालते: मी अगदी बरी आहे, काही दुखत नाही, पोरांच्या शाळा बुडवून उगाच धावत येऊ नकोस.

निरोप पोचवला. आता तू ये.

हात धरून बसलेली,
धाकटी