दोन हातांची बंदूक

प्रिय लुशा,

तू पाठवलेली कॉफी आणि लोकरीचे मोजे मंगळवारच्या टपाल-विमानानं पोचले. मोजे तुझ्या आईनं लगेच हातात घातले आणि दिवसभर काढले नाहीत. "छान ऊब आहे," म्हणाली. मग मीही एक जोडी हातात घातली आणि आम्ही दोघं तसेच चहा प्यायला बसलो. तेव्हा मोजे आवडले असं समज. इकडे चर्चच्या घुमटाला निळा रंग देऊन झाला. वारा असा होता की निम्मा रंग शेजारच्या दुकानदार स्पिरिडॉनच्या छपरावर पडला. आता तो दुकानात येईल त्याला सांगतो, "देवानं दोन्ही घरं पाहिली, आणि त्याला माझंच आवडलं."

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. घर एका खोलीचं. मी कितीही हळू बोललो तरी तुझी आई कान देते, आणि आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला अजून बरोबर कळतं. आत्ता ती खिडकीशी बसून दोरीच्या गाठी सोडवते आहे. मीच मारून देतो, ती सोडवते, मी पुन्हा मारतो. जाळी विणण्यात जन्म गेलेल्या बाईच्या बोटांना काहीतरी लागतं. शनिवारी बान्यात, वाफेच्या न्हाणीत, नेलं की मात्र ती सगळी परत येते. तापलेल्या दगडांवर पाणी मारलं, वाफ भरली, की तिला तिच्या आजीची गाणी शेवटपर्यंत येतात. बाहेर येऊन अंग पुसेपर्यंत पुन्हा जाते. रविवारी तिनं माशाची पिरोक केली. भात, कांदा, उकडलेली अंडी, वरून सुंदर वेणी घातलेलं कणकेचं झाकण. मासा तेवढा घातला नव्हता. मी दोनदा मागून खाल्ली.

तर मी एक रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणतो आहे. हसशील, माहीत आहे. कमरेला पिस्तुलं लटकवून विमानातून उतरणाऱ्या शिकाऱ्यांना मी काय म्हणायचो ते तुला आठवत असेल: "अस्वलाला दाखवा हं, हसून हसून मरेल." पण हे तसलं नाही. नळीच्या तोंडात माझी करंगळी जाते. काडतूस तुझ्या लिपस्टिकपेक्षा मोठं. पाचच घरं, कारण सहावं घर करायला चक्रात जागा उरली नसणार. मागच्या वर्षी शिकाऱ्यांना घेऊन हिंडणारा एक वाटाड्या ते स्पिरिडॉनकडे विकायला ठेवून गेला. सोबत गोळ्यांची पेटी, जवळजवळ भरलेली. स्पिरिडॉन म्हणतो, "ही बंदूक विकत घेणारे पुष्कळ असतात रे आयनर, दुसऱ्यांदा झाडणारे शोधावे लागतात."

का घ्यायचं, ते सांगतो. तू रागावशील, पण आधी वाच.

जुलैत मासे वर चढू लागले तशी तुझी आई ओढ्यावर जाऊ लागली. तिला वार, महिना काही सांगता येत नाही, पण मासा आला की तिचं अंग ओळखतं. मासे कापायला जायचं, एवढंच तिच्या डोक्यात असतं. कापायचं टेबल जाऊन किती वर्षं झाली. पण ती बरोबर त्याच जागी, ओढ्याच्या मुखाशी, गोट्यांवर जाऊन उभी राहते. आणि या दिवसांत तिथं कोण कोण जेवायला येतं ते तुला सांगायला नको. दाराला कडी लावून पाहिली. तिनं दार इतकं बडवलं की तळहात काळेनिळे झाले, आणि दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून गेली. शेवटी ठरवलं, जायचंच असेल तर माझ्याबरोबर जाऊ दे. रोज सकाळी तिचा हात धरतो आणि जातो. हात धरलेला असला की ती शांत असते. सोडला की चालू लागते.

पहिल्यांदा ती एकटी गेली होती तेव्हा मी धापा टाकत पोचलो, तर पलीकडच्या काठावर दोन पिल्लांची आई उभी. तुझ्या आजीनं आपल्या सगळ्यांना शिकवलेलं: अस्वलांबद्दल वाईट बोलायचं नाही, त्यांना ऐकू जातं, हळू बोलायचं, आपण निघालो असं सांगायचं. मी तर बाहेरचा, नॉर्वेच्या मासेमारांचा नातू. मला ते लग्नानंतर शिकावं लागलं, आणि मनातून मी बरीच वर्षं हसत होतो. तर त्या दिवशी तुझी आई मान झुकवून म्हणाली, "चालू दे तुमचं बाई, आम्ही आता निघालोच." आणि ती अस्वलीण खरंच पिल्लांना घेऊन वळली. मला इतका आनंद झाला, लुशा. वाटलं, नवऱ्याचं नाव जाऊ दे, पिरोकमधला मासा जाऊ दे, एवढं तरी हिच्यात खोल राहिलंय. एवढं राहिलं तर आम्ही निभावून नेऊ.

तू अस्वलांसाठी दिलेला तो मिरचीचा फवाराही मी वापरला. कमरेला लावायचो. ऑगस्टच्या सुरुवातीला एक तरुण नर जरा जास्तच जवळ आला म्हणून मारला, आणि समुद्राकडून वारा फिरला. ते अस्वल शिंकत पळालं हे खरं, पण तुझी आई दोन दिवस डोळे उघडेना. तेव्हापासून डबा दिसला की ती माझ्याजवळ येत नाही, हात देत नाही. म्हणून तो घरीच राहतो.

आणि मग मागच्या आठवड्यात एक मोठा नर आला. ओढ्यातून वर आला, तोंडात मासा, मानेवरून पाणी निथळतंय. आम्ही दोघं गोट्यांवर. मी तिचा हात दाबला, म्हटलं आता बोलेल, निघालो म्हणेल. तिचा चेहरा उजळला. "किरिल!" म्हणाली. "आलास होय रे? आणि एवढा मोठा कोट कुठून पैदा केलास?" किरिलमामा बुडाला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस. ती हात पसरून निघाली. तिचा हात माझ्या हातातून कधी निसटला मला कळलं नाही, डोक्याच्या रुमालाचं टोक तेवढं सापडलं. एका हातानं तिला ओढतोय आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरची रायफल काढतोय. रायफल एका हाताची वस्तूच नाही. रायफल निसटून गोट्यांवर पडली. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि मासा घेऊन आपल्या वाटेनं गेलं. मी काही केलं नाही. त्यानं आम्हाला सोडून दिलं, एवढंच.

येताना तुझी आई रडत होती. "बोलला पण नाही माझ्याशी," म्हणत होती.

म्हणून रिव्हॉल्व्हर. डावा हात तिच्याकडे, उजवा रिकामा. उजव्या हातानं छातीवरून काढता येईल असं, आणि त्या आकाराच्या जनावराला थांबवील असं, जगात एवढंच एक आहे. मी दोन दिवस याचाच विचार केला आणि मला तो फार शहाणा विचार वाटला.

स्पिरिडॉन म्हणाला, घेण्याआधी झाडून बघ. काल सकाळी आम्ही कचऱ्याच्या खड्ड्यापलीकडे गेलो. तुझ्या आईला उलट्या खोक्यावर बसवलं, कानांवर रुमालावरूनच ते मोठं कानझाकण घातलं, हातात सुक्या माशाची पट्टी दिली. स्पिरिडॉननं चक्र उघडलं आणि एकच काडतूस घातलं. मी म्हटलं, "एकच? म्हातारा झालो म्हणून हिशेबानं देतोस का?" तो म्हणाला, "पहिल्या वेळी एकच. माझा बाप थडग्यातून उठून आला तरी त्यालाही एकच देईन." मी दोन्ही हातांनी धरून फळीवर झाडलं. मनगटापासून दातांपर्यंत सगळं हललं, पण फळीला भोक पडलं. मी खूश. स्पिरिडॉन म्हणाला, "छान. आणि तेवढ्या वेळात मात्रोना कुठं होती?" मी म्हटलं, खोक्यावर. "आज खोक्यावर," म्हणाला तो. "ओढ्यावर खोकं आहे का?"

तेव्हा मी म्हटलं, एका हातानं झाडतो. तो नको म्हणाला, मी हट्ट धरला. तू मला ओळखतेस. शेवटी त्यानं पुन्हा एकच काडतूस घातलं, मला दाखवून बंद केलं, आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन स्वतःचा हात माझ्या हातात दिला. "मी मात्रोना," म्हणाला. "आता ती ओढते तसा मी ओढणार." दोन म्हातारे कचऱ्याच्या खड्ड्याशी हात हातात घालून उभे. तुझ्या आईला हसू आवरेना. मासा चघळत ओरडली, "लग्न कधी झालं तुमचं? आम्हाला बोलावलं नाही ते!" स्पिरिडॉन म्हणाला, "हुंड्यावरून अडलंय गं, माझ्याकडे द्यायला ही एकच बंदूक आहे." आम्ही तिघंही हसत होतो. मग मी हात लांब केला, आणि त्यानं ओढलं, आणि मी चाप दाबला.

बार झाला. हात कोपरातून दुमडून वर आला, खांद्यावरून डावीकडे गेला, आणि धक्क्यानं माझी मूठ आवळली गेली. एवढंच मला जाणवलं. कानांत नुसती शिट्टी. स्पिरिडॉन हलला नाही. त्यानं माझ्या हातातून ती बंदूक काढून घेतली, चक्र उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. वाजलेलं काडतूस असायला हवं होतं तिथं नव्हतं. एक घर पुढं सरकलं होतं. म्हणजे माझ्या बोटानं चाप दुसऱ्यांदा ओढला होता, मला न विचारता. पुढच्या घरात काही नव्हतं म्हणून काही झालं नाही. नळीचं तोंड तेव्हा कुठं होतं ते त्यानं बोट लावून दाखवलं. आपल्या टोपीच्या खाली, कानाच्या वर.

"बऱ्याच जणांचं होतं असं," तो म्हणाला. "म्हणूनच एक." मग म्हणाला, "मी आत्ता मेलो असतो, आयनर. आणि आत्ता मी मात्रोना होतो."

दुकानात परत आल्यावर त्यानं ती बंदूक पुन्हा कपाटात ठेवली. नाही म्हणाला नाही. इथं कुणी कुणाला बंदूक नाकारत नाही, तसं करणं म्हणजे माणसाला तू संपलास असं तोंडावर सांगणं. तो म्हणाला, "सोमवारपर्यंत ठरव. घेणार असशील तर देईन." आणि तुझ्या आईला बरणीतली साखरेची गोळी दिली. तिनं ती माझ्या खिशात ठेवली, लुशाला देऊ म्हणाली. तिच्या मनात तू अजून तेवढीच आहेस.

काल दिवसभर मी तरीही मार्ग काढत होतो. पहिल्या घरात गोळी, दुसरं रिकामं ठेवायचं? मग पहिली चुकली तर? दोन्ही हातांनीच झाडायचं, आणि तिला कमरेला दोरीनं बांधून घ्यायचं? बांधूनही पाहिली, घरातच. तिनं दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मी काय केलं?" मी दोरी सोडली. कसंही मांडलं तरी उत्तर तेच येतं. तिला वाचवायला मला दोन्ही हात लागतात, आणि एक हात सुटला की ती जाते.

तिला मी शब्द दिला होता, हे तुला माहीत नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ती अजून पुष्कळशी होती. बोटीनं परत येताना ती म्हणाली, "पाण्यापलीकडे नेऊन ठेवू नकोस मला. वेडी झाले तरी इथंच वेडी होईन. इथं सगळ्यांना माहीत आहे मी कोण होते." मी हो म्हटलं. मार्चमध्ये तू अँकरेजच्या त्या घराबद्दल बोललीस, तिथं तिच्यासारख्यांना सांभाळतात म्हणालीस, तेव्हा मी फोन आपटला तो त्या शब्दापायी. तुझा त्यात काही दोष नव्हता.

ती जागा अजून असेल, तर ये आणि तिला घेऊन जा. हे लिहायलाच मी सकाळपासून बसलो आहे, आणि मोजे, चर्च, पिरोक असं करत करत इथवर आलो. चंदेरी मासे ओढ्यात शिरायच्या आत ये, कारण त्यांच्यामागून मोठी अस्वलं सगळी येतात. मी तुमच्याबरोबर विमानात बसणार नाही. मागून येईन, बोटीचं काही लावून. बरोबर असलो तर ती तिथल्या दारात माझ्याकडे बघून "घरी चल" म्हणेल, आणि मी तिला घेऊन परत येईन. येण्याचा दिवसही मला कळवू नकोस. कळला तर त्या दिवशी मी तिला घेऊन पलीकडच्या खाडीत निघून गेलेला असेन, मी मला ओळखतो. नुसती ये. आम्ही बहुतेक ओढ्यावर असू. तिच्याशी हळू बोल, आणि तिचा हात माझ्या हातातून सोडवून घे. जोर लावावा लागेल, लुशा. मी आपणहून सोडणार नाही.

तुझाच,
बाबा